अर्धी बोडी

“नकाशा आहे ना,” मी म्हणालो.

तहसीलदार मॅडमनी कागदावरून मान वर केली. “कुठे आहे?”

“लंडनमध्ये.”

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मी वळून पाहिलं नाही, कारण ते हसू माझ्या ओळखीचं होतं. तो माझा साळा बुधाजी, आमच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. म्हणजे त्या दिवशी ज्यानं माझी बाजू धरायची, तोच.

“लंडनमध्ये,” मॅडम म्हणाल्या. “आणि त्यात काय आहे?”

“आमची बोडी आहे. निळ्या रंगानं काढलेली. इंग्रज साहेबानं स्वतः उभं राहून काढली.”

खिडकीजवळ ठवकर बसला होता. पांढरा शर्ट, दोन मोबाइल, पायात आवाज न करणारे बूट. तो गोड हसला. “मॅडम, हे मनिरामबाबा. यांच्या आजोबांना झोपेत कासवानं पाठीवर बसवून पलीकडच्या गावी नेलं होतं. बाबा, सांगा ना मॅडमना ती गोष्ट.”

ती गोष्ट माझी दहा मिनिटांपूर्वीच सांगून झाली होती, कारण पहिल्यांदाही त्यानंच विचारली होती आणि मला कोणी गोष्ट विचारली की नाही म्हणवत नाही. कचेरीतला पंखा इतका हळू फिरत होता की एका पात्यावर कोळ्यानं जाळं विणून संसार थाटला होता. त्या पंख्याखाली मॅडमनी ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकली आणि एकदाही हसल्या नाहीत. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई कठीण आहे.

प्रकरण असं होतं. आमच्या पिंपळटोल्याला चाळीस एकरांची बोडी आहे. बोडी म्हणजे लहान तलाव. आमच्या भंडाऱ्याकडे गावागावाला असतात, जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातले. तिच्या काठानं आम्हा ढिवरांची बावीस घरं. मासे तिचे, शिंगाडे तिचे, काठाला आपोआप उगवणारं देवधान तिचं. ठवकरनं मालगुजाराच्या नातवांकडून ती जमीन ‘पडीत शेत’ म्हणून विकत घेतली. त्याला तिथं मुरूम भरून प्लॉट पाडायचे होते. त्याचं म्हणणं, इथं तलाव कधी नव्हताच. पंधरा वर्षांपूर्वी रस्ता उंच केला, नाल्याचं पाणी अडलं, म्हणून शेतात डबकं झालं. सातबारा त्याच्या बाजूनं बोलत होता. आमच्या बाजूनं बोलायला मी होतो. गावात सगळ्यांत म्हातारा गडी साक्षीला लागतो, आणि माझ्याहून म्हातारे गडी होते ते आदल्या साली वारले. त्यात त्यांची चूक नव्हती.

माझं नाव मनिराम वलथरे. तालुक्यात ‘थापाड्या मनिराम’ म्हटलं की पत्र पोचतं.

मॅडमनी पेन उचललं. त्या ‘पुरावा नाही’ असं लिहिणार, हे मला पेनच्या टोकाकडे बघूनच दिसलं. रस्त्यावर मुरुमाचे सहा ट्रक सकाळपासून उभे होते. म्हणून मी नकाशाचं बोललो.

“पंधरा दिवस,” मॅडम म्हणाल्या. “नकाशा आणा. लंडनहून आणा नाहीतर कुठूनही.”

“तोवर मुरूम पडायचा नाही ना?”

“तोवर नाही.”

बाहेर आल्यावर बुधाजीनं मला वऱ्हांड्याच्या खांबाला टेकवलं. “भाऊजी, तो नकाशा तुमी पायला का?”

मी नकाशा पाहिला नव्हता. लंडनही पाहिलं नव्हतं. लंडन असतं, एवढं ऐकून होतो.

“पायला नाही,” मी म्हणालो. “पन इंग्रज इथं दीडशे वर्षं होता. इतके दिवस बसून त्यानं काहीच काढलं नसंन का गा?”

*

बाजाराच्या गावी देवांगना उकेचं ई-सेवा केंद्र आहे. बोडीकाठच्या बावीस घरांपैकी एक तिचं सासर. सासू शिंगाड्यावाली, नवरा जाळ्यावर, आणि ही दिवसभर लोकांचे दाखले, सातबारे, आधारचे अंगठे यांत बुडालेली. फार काटेकोर बाई. जन्मतारखेत एक दिवस इकडचा तिकडे करू देत नाही. मी दारात उभा राहिलो, तेव्हा तिनं संगणकावरची नजर हलवली नाही.

“मामाजी, तुमी कचेरीत खोटं बोलले म्हनते.”

“खोटं नाही, बाई. आगाऊ बोललो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग समोरच्या माणसाचा उत्पन्नाचा दाखला छापून दिला, दुसऱ्याला उद्या बोलावलं आणि खुर्ची सरकवली. “बसा. पन मला गोष्टी सांगू नका.”

मला वाटलं होतं, पत्र लिहावं लागेल, साहेबाची मनधरणी करावी लागेल. देवांगनानं चार बटणं दाबली आणि एका परदेशी विद्यापीठाचं ग्रंथालय तिच्या टेबलावर येऊन बसलं. जुने नकाशे, हजारोंनी, एकेक कागद फोटो काढून ठेवलेला. ना दार, ना चपराशी, ना ‘साहेब जेवायला गेले’. कोणीही या आणि बघा. मी आयुष्यभर थापा मारल्या, पण इतकी मोठी थाप मला सुचली नसती.

तिनं इंग्रजीत गावाचं नाव टाकलं. नाही. दुसऱ्या तऱ्हेनं टाकलं. नाही. चार तऱ्हांनी टाकून झालं.

“साहेबानं काय कानानं आयकून कसं लिवलं, त्यालेच माहीत,” ती म्हणाली. “असं नाही सापडनार.”

“मंग नाव सोड. नदी दाखव.”

“कोनती?”

“वैनगंगा. एवढी मोठी आहे, ती तरी साहेबाले चुकवता आली नसंन.”

तिनं सगळ्या देशाचा नकाशा उघडला. त्यावर खिडकीच्या जाळीसारखे चौकोन आखलेले. एका चौकोनावर बोट ठेवलं की तो कागद उघडायचा. पहिल्यांदा सगळं गढूळ दिसायचं, मग गाळ खाली बसावा तसं हळूहळू निवळायचं. मला इंग्रजी येत नाही. पण पाणी येतं. मी देवांगनाच्या खांद्यामागे उभा राहिलो आणि डोंगा वल्हवावा तसं तिला सांगत गेलो. “डाव्या अंगानं चाल. इथं नदी कंबर वाकवते, तिथं थांबू नको, धार आहे. आता तो नाला आला का? दोन फाटे? उजवा धर. डाव्यात गेलीस तं सासुरवाडीले पोचशीन माझ्या.”

“मामाजी.”

“बरं, नाही बोलत. टेकडी आली का?”

टेकडी आली. टेकडीवर देवळाची खूण आली. नाला आला, नाल्यावर कंगव्याच्या दात्यांसारखी रेघ आली. ती आमची पाळ, तलावाचा बांध. मी बोटानं ती रेघ चाचपली आणि देवांगनानं काच पुसली, कारण माझं बोट तंबाखूचं होतं.

“आता पाळीच्या आत,” मी म्हणालो.

पाळीच्या आत निळं काही नव्हतं. पांढरा कागद, त्यावर बारीक बारीक चौकटी, धानाच्या बांध्यांसारख्या, म्हणजे भातखाचरांसारख्या. मधे काही काळे ठिपके. शेत होतं ते. साहेबानं स्वतः उभं राहून काढलेलं शेत.

देवांगनानं हात बटणांवरून उचलले. बाहेर रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “बाई, माझा अंगठा घेता का आता?” तिनं त्याचा अंगठा घेतला. मी तिथंच उभा राहिलो.

*

तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तोच नकाशा डकवलेला होता. मोठा, रंगीत, चकचकीत. खाली मराठीत लिहिलेलं: ‘इंग्रज काळातील अधिकृत नकाशा. येथे शेत आहे.’ ठवकरकडे शहरातली शिकलेली पोरं होती. मी भर कचेरीत नकाशा नकाशा म्हणून ओरडलो, त्यांनी शोधला. त्यांना एक दुपार लागली असेल.

बुधाजी माझ्या अंगणात आला, तेव्हा मी जाळं तुणत होतो. तो बसला नाही.

“आमच्याजवळ काही नव्हतं, भाऊजी. तसंच ठीक होतं. काही नाही तं काही नाही. ठवकरजवळबी जुनं काही नव्हतं. तुमी त्याले देलं.”

“हो.”

“बावीस घरं आहेत. माझ्या बहिनीचं घर त्यात आहे, म्हनून मी तुमाले काही म्हनत नाही.”

“म्हन ना गा. तुझ्या बहिनीनं सकाळपासून म्हटलंच आहे.”

त्याला हसू आलं नाही. तो गेला. मी जाळं खाली ठेवलं आणि बाजाराच्या गावची वाट धरली. साठ वर्षं लोक माझ्या गोष्टींवर हसत आले, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्या फळ्यासमोर उभं राहून कोणी हसत नव्हतं, हे मला सहन झालं नाही. आणि एक राग होता. माझ्या हाडामांसाच्या आईनं त्या पाण्यात मासे धरले होते, आणि एक कागद मला सांगत होता की ते झालंच नाही. मी थापाड्या आहे. थाप कशी मारतात ते मला कळतं. हा कागद थाप मारत होता, फक्त कुठे ते सापडत नव्हतं.

“पुन्हा उघड,” मी देवांगनाला म्हणालो. “सगळं वाच. कडेचं, खालचं, बारीक, सगळं.”

तिनं वाचलं. साहेबांची नावं, मोजमाप, झाडांच्या खुणा, देवळाच्या खुणा. मग कोपऱ्यात एक ओळ. “मोजनी कवा केली ते आहे. मार्च ते मे.”

“म्हंजे कोनता महिना?”

“फागून संपते, तिथून वैशाखापर्यंत.”

मी खुर्चीत बसलो. तिथं बसलेला माणूस आपल्या रेशनकार्डासाठी उठून उभा राहिला होता, त्याच्या खुर्चीत. मला इतकं हसू आलं की त्या माणसाला वाटलं, मला झटका आला. त्यानं मला पाणी दिलं.

“काय झालं, मामाजी?”

“हे काळे ठिपके कायचे आहेत, ते वाच.”

तिनं खुणांची यादी काढली, बोट फिरवलं. “झोपड्या.”

“किती?”

“अकरा.”

“बाई, कोनता शेतकरी धानाच्या बांधीत झोपडी बांधते?”

ती माझ्याकडे बघत राहिली. ती लग्न होऊन आली, तेव्हा आमची ती रीत मोडकळीला आलेली होती, म्हणून मी तिला समजावून सांगितलं. आणि मग तिनं, माझ्या डोक्यात आलं नसतं ते, नकाशा डावीकडे सरकवला. तो सरकेना.

“मामाजी, गाव कागदाच्या अगदी कडेला आहे. पाळ कडेच्या बाहेर जाते.”

“मंग बाहेर काय आहे?”

“बाहेर दुसरा कागद.”

तिनं चौकोनांच्या जाळीत जाऊन शेजारचा चौकोन दाबला. गढूळ आलं. निवळायला लागलं. आम्ही दोघं बराच वेळ पाहत राहिलो. मग देवांगनानं छापायच्या मशीनमध्ये नवा कागद घातला, सांभाळून, कोपरे जुळवून, जसा ती लग्नाच्या दाखल्याला घालते.

*

दुसऱ्या सुनावणीला ठवकरनं आपला चकचकीत नकाशा मॅडमच्या टेबलावर अंथरला.

“मॅडम, बाबांनी सांगितलेला नकाशा आम्हीच शोधून आणला. त्यांना त्रास नको.”

“हा खरा आहे कशावरून?” मॅडम म्हणाल्या.

“परदेशी विद्यापीठाचा संग्रह आहे. शंका घ्यायला जागाच नाही. जगभरचे विद्वान वापरतात.”

“मनिरामबाबा, तुम्हाला काही म्हणायचंय?”

“आमचंबी तेच म्हननं आहे. शंका घ्यायला जागा नाही. ठवकर साहेबांचं हे बोलनं लिहून घ्या.”

मॅडमनी लिहून घेतलं. ठवकरनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“आता माझ्याजवळ एक कागद आहे,” मी म्हणालो, “पन तो तुमी पाहू नका. मी थापाड्या आहे. मी कागदबी खोटा आनला असंन. तुमी स्वतः उघडा. याच ग्रंथालयात, याच नकाशाच्या शेजारचा, पश्चिमेकडचा.”

मॅडमनी आपला संगणक लावला. कचेरीत नेट नव्हतं. ते सोमवारपासून गेलं होतं आणि त्याची तक्रार नेटवरूनच करायची होती. कारकुनाच्या मोबाइलला रेंज नाही. देवांगनाच्या मोबाइलला रेंज नाही. सगळे ठवकरच्या दोन मोबाइलकडे बघायला लागले.

“साहेब, द्या ना,” मागून बुधाजी म्हणाला. “जगभरचे विद्वान वापरतेत.”

ठवकरनं मोबाइल दिला. न देऊन करतो काय. मॅडमनी स्वतःच्या बोटांनी चौकोन शोधला. कागद उघडला. त्यांनी दोन बोटांनी तो ताणून मोठा केला, आणखी मोठा केला, आणि मोबाइल चकचकीत नकाशाच्या डाव्या कडेला चिकटवून ठेवला. पाळीची रेघ पाळीच्या रेघेला जुळली. नाला नाल्याला जुळला.

मोबाइलमध्ये पाणी होतं. निळं, गर्द, पाळीला टेकलेलं. अर्धी बोडी. टेबलावर होतं ते कोरडं शेत, चौकटी आणि झोपड्या, तेही पाळीला टेकलेलं. दुसरी अर्धी बोडी. मधे सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ. इकडे पाणी, तिकडे धूळ.

मॅडमनी मोबाइल उचलला, पुन्हा ठेवला.

“मॅडम,” ठवकर म्हणाला, “त्या बाजूला डबकं असू शकतं. आमची बहुतेक जमीन पूर्वेच्या बाजूची आहे. तिथं शेतच आहे.”

“डबकं कडेला सरळ कसं आहे?” मॅडमनी विचारलं.

“असेल काही.”

मी उठून उभा राहिलो. बोलायची परवानगी मागायची असते ते विसरलो. “साहेब, मी साठ वर्षं थापा मारल्या. कासव उडवलं, मागूर मासा नांगराले जुपला, माझ्या आज्याले पुरात म्हशीच्या शिंगावर झोपवलं. पन पानी भिंतीसारखं उभं राह्यलं आनि पल्याड धूळ उडत होती, एवढी मोठी थाप मी कधी मारली नाही. तुमी माझ्या वरचे निघाले.”

कारकून हसला. मग वऱ्हांड्यातले हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मग हे कसं, ते तुम्ही सांगा.”

मी सांगितलं. पश्चिमेचा कागद हिवाळ्यातला आहे, कोपऱ्यात लिहिलेलं आहे. तेव्हा बोडी भरलेली. पूर्वेचा कागद पुढच्या साली उन्हाळ्यातला, साहेब वेगळा. वैशाखात आम्ही ढिवर बोडी मोकळी करतो. उरलं पाणी सोडून देतो, खालच्या गाळात उतरतो आणि घराघराचे वाटे पाडतो. कोणाचा वाटा कुठे, ते चिठ्ठ्या टाकून. वाट्याच्या कडेनं चिखलाचा हातभर बांध. आपल्या वाट्यातला मासा आपला, गाळ आपला; मासा खायचा, गाळ शेतकऱ्याच्या बैलबंडीत भरून द्यायचा. वीस-बावीस दिवस अख्खं घर तिथंच राहतं, पळसाच्या फांद्यांच्या झोपडीत. साहेब घोड्यावरून आला, चिखलाचे बांध बघितले, त्याला वाटलं धानाची शेती. त्यानं जे दिसलं ते काढलं. त्याची चूक नाही. त्याला कोणाला विचारायचं सुचलं नाही, एवढंच.

“एक कागद ओला, एक कोरडा,” मॅडम म्हणाल्या. “आणि तुमचं म्हणणं, दोन्ही खरे.”

“हो.”

“ही रीत कुठे लिहिलेली आहे?”

“लिहिलेली नाही.”

“मग कशावरून?”

“वैशाखात या,” मी म्हणालो.

मॅडमनी कॅलेंडर पाहिलं, तारीख घातली, तोवर काम थांबवायचा हुकूम दिला. ठवकर कपाळाला आठी न घालता खाली उतरला. पायऱ्यांवर माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, “बाबा, शेवटची झोपडी कधी बांधली होती हो?”

त्याला ठाऊक होतं. नऊ वर्षं झाली होती.

*

तेही खरं सांगून टाकतो. सरकारी मत्स्यबीज आलं, ते दोन-दोन साल वाढवायचं असतं. बोडी मोकळी करणं परवडेना. तरणी माणसं नागपूरला कामाला गेली. वाटे बंद झाले. मी कचेरीत सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, फक्त ते जुनं झालं होतं.

“तुमी त्या मॅडमले बोलावलंच कायले?” बुधाजी म्हणाला. “वैशाखात येईन, तिले रिकामा चिखल दिसंन. ठवकर म्हनंन, हे पाहा शेत. मी पानी सोडत नाही. बीज टाकलं आहे आखाडात.”

“पानी राह्यलं तं ठवकर म्हनंन, पाहा, रीत खोटी. पूर्वेचा कागद खरा. शेतच होतं, आता डबकं झालं.”

“मंग दोन्हीकून मेलो ना.”

“दोन्हीकून नाही. उतरलो तं नाही.”

“कोन उतरते, भाऊजी? या उन्हात? तुमच्या शब्दावर?”

माझ्या शब्दावर कोणी उतरणार नव्हतं, हे मलाही माहीत होतं. म्हणून मी शब्द सोडला. अडुसष्टाव्या वर्षी मी पळसाच्या फांद्या तोडल्या, डोक्यावर घेतल्या आणि पूर्वेच्या बाजूला, पाणी आटून चिखल उघडा पडला होता तिथं, एकटा झोपडी बांधायला बसलो. नकाशाच्या प्रतीवर पहिला ठिपका होता, अंदाजानं त्याच्या शेजारीच. दोन डाव पडली. तिसऱ्यांदा उभी राहिली ती वाकडी, एका अंगाला कलंडलेली, दारू पिऊन बाजारातून येणाऱ्या माणसासारखी.

पहिल्या दिवशी लोक पाळीवर उभे राहून हसले. दुसऱ्या दिवशीही हसले. बायको भाकरी घेऊन आली, झोपडीकडे बघून म्हणाली, “तुमच्या गोष्टीसारखीच बांधली. टेकू नाही.” आणि परत गेली नाही. तिनं पदर खोचला, चिखलाचा बांध घातला, हातभर, चारी बाजूंनी. आमचा वाटा.

तिसऱ्या दिवशी पाळीवर देवांगनाची सासू आली. ऐंशी पावसाळे पाहिलेली बाई, कमरेत वाकलेली. बराच वेळ पाहत राहिली. मग वरून म्हणाली, “मनिराम, चिठ्ठ्या टाकल्या का?”

“नाही, मावशी.”

“मंग वाटा कोनाच्या मनानं घेतलास? चिठ्ठ्या टाकल्याबिगर वाटा होत नाही. चोरी होते.”

ती खाली उतरली, आणि भांडायला म्हणून आणखी चौघीजणी उतरल्या. आमच्यात भांडण सुरू झालं म्हणजे काम सुरू झालं. पण पुढच्या चार दिवसांत झोपड्या उभ्या राहिल्या त्या माझी धरून मोजून तीन. बुधाजी पाळीवर यायचा, बोडीचं पाणी सोडायच्या दाराकडे बघायचा आणि जायचा. पाहणीच्या आदल्या दुपारी मी घरी भाकरी खाऊन निजलो तो तापानं. बायको म्हणाली, उन्हानं भाजलात. मी म्हणालो, थोडा वेळ पडतो. उठलो तो दुसऱ्या दिवशी, उन्हं चांगली वर आल्यावर, आणि तेही जीपचा आवाज ऐकून.

मी पाळीवर पळत गेलो. मला पळणं म्हणता येईल असं ते शेवटचंच.

बोडीचं दार उघडलेलं होतं. मला ताप भरला हे ऐकून रात्री बुधाजीनंच ते उघडलं आणि घरोघर हाक दिली, हे मला मागून कळलं. पाणी नाल्यानं चाललं होतं, आणि मोकळ्या चिखलात माणसं होती. बुधाजी गुडघाभर गाळात उभा राहून कोणाला तरी शिव्या देत होता. पोरी टोपल्यांनी गाळ काढत होत्या, मागूर उड्या मारत होते, नागपूरला गेलेले दोन जण पँट वर खोचून बांध घालत होते आणि त्यांच्या आया त्यांना चुका दाखवत होत्या. पाळीखाली गाळ न्यायला आलेल्या बंड्या उभ्या होत्या.

तहसीलदार मॅडम जीपमधून उतरल्या. मागून ठवकर उतरला. मॅडमच्या हातात पूर्वेचा नकाशा होता. त्या पाळीवर उभ्या राहिल्या आणि नकाशा समोर धरून कधी कागदाकडे, कधी खाली बघू लागल्या. चिखलाच्या चौकटी कागदावरच्या चौकटींसारख्याच दिसत होत्या. वरून पाहिलं तर कोणीही धानाच्या बांध्याच म्हणाला असता.

“शेतच आहे की हे,” ठवकर म्हणाला. पण हळू म्हणाला, कारण त्याच क्षणी देवांगनाच्या सासूनं त्या शेतातून हातभर लांबीची मरळ ओढून काढली.

मॅडम बोटानं झोपड्या मोजत होत्या. मोजून झालं. पुन्हा मोजल्या.

“मनिरामबाबा, नकाशात अकरा आहेत. इथे बावीस आहेत.”

मी खाली पाहिलं. खरोखर बावीस होत्या. काठाचं एकही घर मागे राहिलं नव्हतं.

“मॅडम, त्याले शंभर वर्षं झाली. मानसं वाढतेत.”

“अहो, हा सगळा देखावा आहे,” ठवकर म्हणाला. “काल संध्याकाळपर्यंत इथं तीन झोपड्या होत्या.”

“तुम्ही काल संध्याकाळी इथे होता?”

बुधाजीनं खालून वर पाहिलं, हातातला गाळ झटकला आणि म्हणाला, “देखावा म्हना नाहीतर काही म्हना, साहेब. आता उतरलो आहोत. बावीस दिवस निघत नाही. ट्रक आनायचे असंन तं आमच्यावरून आना.”

मॅडमनी पर्समधून पेन काढलं. नकाशा जीपच्या तापलेल्या बॉनेटवर पसरला आणि त्यावर, जिथं जिथं खाली झोपडी दिसत होती आणि कागदावर ठिपका नव्हता, तिथं एकेक ठिपका काढायला सुरुवात केली. कोणाची कोणती, ते त्या मला विचारत होत्या आणि मी सांगत होतो. दहा काढून झाले. समासात महिना लिहिला, साल लिहिलं. ‘जलाशयाचा तळ, वापरात,’ असं लिहून खाली सही केली.

“आणि ती पलीकडची?” त्यांनी पेननं दाखवलं. “ती कलंडलेली? ती झोपडी आहे की ढीग?”

“ती माझी आहे.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर वाकल्या. बाकी सगळे गोल ठिपके होते. माझा त्यांनी वाकडा काढला.